बोंब उठल्यावर कंपनीने पहिले निवेदन कसे लिहावे

होळीच्या आदल्या संध्याकाळी, सव्वासातच्या सुमारास, ऐरोलीतील एका गृहसंकुलाच्या व्हॉट्सॲप गटावर ४३ सेकंदांचा एक व्हिडिओ आला. स्वयंपाकघराच्या ओट्यावर पुरणपोळीचे पाकीट ठेवलेले होते. एका बाईंनी ते कात्रीने कापले, वरची पोळी उचलून बाजूला ठेवली आणि खालच्या पोळीच्या कडेला असलेला रुपयाएवढा हिरवट-काळा डाग दाखवला. नंतर त्यांनी पाकीट उलटे करून त्यावर छापलेली तारीख कॅमेऱ्यासमोर धरली. मुदत संपायला चार दिवस शिल्लक होते. व्हिडिओत त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. मागे कुकरची शिट्टी तेवढी ऐकू येत होती. साडेआठपर्यंत तो व्हिडिओ घणसोली, कोपरखैरणे, वाशी असा फिरत ठाण्यात घोडबंदर रोडपर्यंत पोचला होता.

ते पाकीट रबाळे एमआयडीसीतील ज्या कंपनीचे होते, तिथे मी त्या वेळी जाहिरात आणि जनसंपर्क पाहत होते. नऊ वाजता कंपनीचे निवेदन निघाले. त्यात तीन वाक्ये होती: ‘सदर पाकीट बनावट असण्याची शक्यता नाकारता येत नाही. आमची सर्व उत्पादने गुणवत्तेच्या कठोर निकषांवर उतरलेली असतात. कंपनीची बदनामी करणाऱ्यांविरुद्ध कायदेशीर कारवाई करण्यात येईल.’ मालकांनी ती गाडीतून फोनवर सांगितली आणि मी टाइप केली. पॅकिंग हॉल माझ्या टेबलापासून एक जिना खाली होता. त्या रात्री तो जिना मीही उतरले नाही आणि दुसऱ्या कोणाला उतरायलाही सांगितले नाही.

साडेदहाला त्या ताईंनी आणखी तीन फोटो टाकले: पाकिटावरचा बॅच नंबर, केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) चौदा आकडी परवाना क्रमांक आणि वाशीच्या दुकानाचे बिल. अकरा वाजता त्या दुकानदाराने स्वतःच लिहिले की माल कंपनीच्याच टेम्पोतून उतरला होता आणि त्याचे चलन आपल्याकडे आहे. ‘बनावट’ हा शब्द दोन तासांत खोटा ठरला, आणि तो खोटा ठरवणारा पुरावा बहुतेक आमच्याच कंपनीने छापलेला होता.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील बहुसंख्य कंपन्यांत जनसंपर्काचा वेगळा विभाग नसतो. असे काही घडले की निवेदन लिहिण्याचे काम एचआरच्या, अकाउंट्सच्या किंवा मालकाच्या नुकत्याच एमबीए झालेल्या मुलाच्या गळ्यात पडते. त्या माणसाच्या उपयोगी पडावे म्हणून हे लिहीत आहे.

लिहिण्याआधी जिना उतरावा

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पॅकिंग हॉलमध्ये गेले तेव्हा पाळीचे सुपरवायझर, ज्यांना सगळे काका म्हणत, ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, ‘मॅडम, दोन नंबरचं सील मंगळवारपासून धरत नाहीये. मी बुकात लिहिलंय.’ त्यांनी रेघी रजिस्टर उघडून दाखवले. निळ्या पेनाने लिहिलेली एकच ओळ होती: मंगळवार, रात्रपाळी, लाइन दोन, सील कमजोर, मेंटेनन्सला कळवले. खाली सही होती. मेंटेनन्सची सही करायची जागा रिकामी होती.

त्या एका ओळीत सगळे उत्तर होते. पुरणपोळी ओलसर असते. ती दहा-पंधरा दिवस टिकावी म्हणून पाकिटातील हवा काढून त्या जागी नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांचे मिश्रण भरतात आणि तापलेल्या जबड्यांत दाबून पाकिटाचे तोंड बंद करतात. जबड्यांचे तापमान कमी पडले तर तोंड बंद झालेले दिसते, पण केसाएवढी फट राहते. तिच्यातून हवा आत जाते आणि ओलावा असल्यावर बुरशीला आणखी काही लागत नाही. म्हणजे दोष एका मशीनपुरता आणि मोजक्या पाळ्यांपुरता होता. त्या पाळ्यांत निघालेली पाकिटे मोजता येत होती आणि ती कोणत्या दुकानांत गेली हे चलनांवरून तासाभरात काढता आले असते. हे आम्हाला नऊ वाजता माहीत असते तर आम्ही एक लहान आणि खरी गोष्ट सांगितली असती. ते माहीत नसल्यामुळे आम्ही ‘सर्व उत्पादने’ असे मोठे शब्द वापरले, आणि लोकांनीही मग आमच्या सर्व उत्पादनांवर संशय घेतला.

म्हणून पहिला अर्धा तास लिहिण्यात घालवू नये. त्या वेळात पाळीचे रजिस्टर, त्या बॅचचे राखीव नमुने, पाठवलेल्या मालाची चलने आणि तक्रारींची वही या चार गोष्टी टेबलावर आणाव्यात. खाद्यपदार्थांऐवजी सॉफ्टवेअर किंवा बांधकाम हा व्यवसाय असेल तर रजिस्टरचे नाव बदलेल, एवढेच. यांतील तक्रारींची वही सर्वांत आधी उघडावी, कारण गाजलेली तक्रार सहसा पहिली तक्रार नसते. आमच्या ग्राहक सेवेच्या फोनवर त्याच आठवड्यात दोन जणांनी पोळीला वास येत असल्याचे सांगितले होते आणि त्यांना ‘पाकीट उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवावे’ असे उत्तर मिळाले होते.

खाली गेल्यावर कसे विचारावे हेही महत्त्वाचे आहे. ‘हे कोणी केले?’ असा प्रश्न त्या रात्री विचारला तर पुढचे चार दिवस खरे उत्तर मिळत नाही. ‘या आठवड्यात इथे रोजच्यापेक्षा वेगळे काय झाले?’ असे विचारावे. काकांनी मंगळवारी सील कमजोर असल्याचे लिहिले होते, कारण लिहिणे हे त्यांचे काम होते. वर येऊन सांगितले नाही, कारण वर येऊन सांगणाऱ्याचे आमच्याकडे काय होते हे त्यांनी वीस वर्षांत पुरेसे पाहिले होते. कंपनीतील निवेदने बिघडतात त्यामागे भाषेपेक्षा हेच कारण अधिक वेळा असते: निवेदन लिहिणाऱ्याला खरे काय ते कोणी सांगितलेले नसते, आणि त्यानेही विचारलेले नसते.

ठाण्याच्या चौकातला धडा

पोखरण रोडवरच्या कारखान्यावरून ठाण्यात ज्या चौकाला कॅडबरी जंक्शन हे नाव पडले, त्या कंपनीवर ऑक्टोबर २००३ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, अशीच बोंब उठली होती. मुंबईत डेअरी मिल्क चॉकलेटमध्ये जिवंत अळ्या सापडल्याचे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर केले. कारखान्यात अळी होणे शक्य नाही, दुकानदारांनी माल नीट साठवला नसावा, असे कंपनीचे पहिले म्हणणे होते. त्यावर प्रशासनाने साधा प्रतिप्रश्न केला: अळी दुकानात शिरली असे मानले, तरी वेष्टन हवाबंद होते का?

कंपनीचे म्हणणे खोटे होते असे मी म्हणत नाही. उष्ण हवेत, धान्याच्या पोत्यांशेजारी ठेवलेल्या चॉकलेटला कीड लागू शकते, आणि आपल्याकडची दुकाने तशीच असतात. प्रश्न एवढाच की दुकाने तशी असतात हे कंपनीला माल विकताना ठाऊक होते, मग उत्तर देताना त्याचे नवल कसे वाटले? शिवाय त्या वाक्याने कंपनीने एकाच वेळी ग्राहकाला कोरडे उत्तर दिले आणि आपला माल विकणाऱ्या दुकानदाराला आरोपी केले. दिवाळीच्या भेटीसाठी चॉकलेटचा डबा घ्यावा की मिठाईचा, असे विचारायला आलेल्या गिऱ्हाइकाला तो दुकानदार काय सुचवणार होता?

पुढे कंपनी सावरली, आणि कशी सावरली ते निवेदने लिहिणाऱ्याने नीट पाहावे. ‘प्रोजेक्ट विश्वास’ या नावाने दुकानदारांना साठवणुकीची माहिती देण्याचे काम सुरू झाले. जानेवारी २००४ मध्ये नवे वेष्टन आले, ज्यात चॉकलेटभोवतीचा ॲल्युमिनियमचा कागद उष्णतेने बंद केलेला होता आणि त्यावर प्लास्टिकचे बंद आवरण होते. त्यानंतर अमिताभ बच्चन जाहिरातीत आले. आज लोकांना बच्चन आठवतात आणि वेष्टन कोणाच्या लक्षात नाही, पण प्रशासनाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर वेष्टनाने दिले होते. तेच बच्चन जुन्याच वेष्टनाचे चॉकलेट हातात घेऊन ऑक्टोबरात पडद्यावर आले असते तर त्यांच्याही नावाला बट्टा लागला असता. आमच्या मालकांना दुसऱ्या दिवशी सुचलेली पहिली गोष्ट मात्र एखाद्या मराठी मालिकेतल्या नटीला गाठण्याची होती. सीलचा जबडा बदलायला त्या नटीच्या मानधनाच्या मानाने काहीच पैसे लागणार नव्हते.

त्या रात्रीचे निवेदन

आता प्रत्यक्ष मजकुराकडे वळते. नऊ वाजता, मशीनबद्दल काहीही कळलेले नसतानासुद्धा, आम्हाला पुढील निवेदन देता आले असते.

‘आमच्या पुरणपोळीच्या पाकिटात बुरशी आढळल्याचा व्हिडिओ आम्ही पाहिला आहे. त्यात दिसणाऱ्या तारखेच्या मालाची तपासणी आम्ही आज रात्रीच सुरू केली आहे. तपासणी पूर्ण होईपर्यंत या तारखेची पोळी कोणी खाऊ नये आणि दुकानदारांनी विकू नये. पाकीट उघडलेले असले तरी दुकानात परत दिल्यास पूर्ण पैसे मिळतील. बिल नसले तरी चालेल. ही पोळी खाऊन कोणाला त्रास होत असेल तर त्यांनी आधी डॉक्टरांकडे जावे आणि मग आम्हाला खालील क्रमांकावर कळवावे. तपासणीत काय आढळले ते उद्या सकाळी अकरा वाजता आम्ही सांगू.’

या सात वाक्यांपैकी एकही सकाळी मागे घ्यावे लागले नसते, आणि पहिल्या निवेदनाची कसोटी हीच आहे. समोरच्या माणसाच्या हातात जे पाकीट, बिल किंवा फोटो आहे, त्याने जे वाक्य खोटे ठरू शकते ते लिहू नये. जे आपण स्वतः पाहिलेले नाही तेही लिहू नये. मजकुरात दोष कोणाचा याविषयी काही नाही, कारण ते अजून माहीत नाही. लोकांनी काय करावे हे मात्र त्यात आहे, कारण रात्री नऊ वाजता ज्याच्या फ्रीजमध्ये ते पाकीट आहे त्याला तेवढेच हवे असते. शेवटची वेळ पाळणे फार गरजेचे आहे. अकरापर्यंत काही निष्पन्न झाले नाही तरी अकरा वाजता तसे लिहावे आणि पुढची वेळ द्यावी. जी कंपनी स्वतः दिलेली वेळ पाळत नाही तिची बाकीची वाक्ये वाचायला कोणी थांबत नाही.

माफीविषयी माझे मत असे आहे की ती खात्री झाल्यावर, दोष कोणता ते सांगून, एकदाच आणि स्पष्ट मागावी. ‘कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर आम्ही दिलगीर आहोत’ या वाक्यातील ‘तर’ हा शब्द ऐकणाऱ्याला बरोबर ऐकू जातो. ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हे वाक्य ट्रान्स-हार्बरच्या फलाटावर उभे राहून आपण इतक्या वेळा ऐकले आहे की ते कानावर पडताच माणूस मोबाइलमध्ये डोके घालतो. बुरशी लागलेली पोळी ही गैरसोय नसते. लहान मुलाने ती खाल्ली असेल तर नाहीच नाही.

शब्द झाकण्यासाठी वापरला की तोच बातमी होतो, याचे उदाहरण युनायटेड एअरलाइन्सने घालून दिले आहे. ९ एप्रिल २०१७ रोजी शिकागोहून लुइव्हिलला जाणाऱ्या विमानातून, कंपनीच्याच चार कर्मचाऱ्यांना जागा हवी म्हणून, तिकीट काढून बसलेल्या एका प्रवाशाला सुरक्षारक्षकांनी फरफटत बाहेर काढले आणि इतर प्रवाशांनी ते मोबाइलवर टिपले. दुसऱ्या दिवशी मुख्याधिकारी ऑस्कर मुनोझ यांनी प्रवाशांची ‘पुनर्व्यवस्था’ करावी लागल्याबद्दल माफी मागितली. रक्ताने माखलेला चेहरा जगाने पाहिलेला असताना हा शब्द आला. त्याच दिवशी त्यांनी कर्मचाऱ्यांना पाठवलेल्या पत्रात त्या प्रवाशालाच आडमुठा आणि भांडखोर ठरवले, आणि ते पत्रही बाहेर आले. ११ तारखेला त्यांनी पूर्ण माफी मागितली, पण ती तिसऱ्या खेपेची होती. आपल्या माणसांना लिहिलेले पत्र बाहेर जाणारच, हे धरूनच लिहावे.

भाषेविषयी आणखी एक सांगायला हवे. आपल्याकडे निवेदन आधी इंग्रजीत तयार होते आणि मग कोणीतरी घाईने त्याचे मराठी करतो. त्यातून ‘आम्ही ग्राहकांच्या समाधानाप्रति कटिबद्ध आहोत’ असली वाक्ये जन्माला येतात. ज्यांनी पुरणपोळी विकत घेतली आहे त्यांच्यासाठी निवेदन मराठीतच लिहायला घ्यावे आणि इंग्रजी नंतर करावे. लिहून झाल्यावर ते पॅकिंग हॉलमधल्या कोणालातरी मोठ्याने वाचायला द्यावे. ज्या शब्दाशी तो अडखळेल तो बदलावा. आमच्या पहिल्या निवेदनातला ‘सदर’ हा शब्द त्या परीक्षेत नक्कीच गेला असता, आणि ‘बनावट’ वाचताना काका थांबले असते.

वकिलांना काय विचारावे

वकिलांना बाजूला ठेवा असे मी सांगणार नाही, पण त्यांना ‘काय लिहू नये?’ एवढेच विचारले तर ते काहीच लिहू देणार नाहीत, कारण न लिहिलेल्या वाक्यावर खटला होत नाही. ‘आम्ही काय सांगायला बांधील आहोत?’ असे त्यांना विचारावे. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम २८ नुसार, आपला माल मानकांत बसत नाही असे मानायला जागा असली तरी उत्पादकाने तो ताबडतोब बाजारातून काढून घेणे सुरू करायचे असते, काढून घेण्याचे कारण सांगायचे असते आणि संबंधित अधिकाऱ्यांना कळवायचे असते. म्हणजे कारण सांगणे हा कंपनीचा मोठेपणा नाही, ते तिचे कर्तव्यच आहे. महापे-ऐरोलीच्या संगणक कंपन्यांना सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या कंपन्यांना बाजारातील अफवेवर चोवीस तासांत खुलासा करण्याचा सेबीचा नियम आहे. मुदत सरकारने ठरवलेली असेल तिथे ‘दोन दिवस थांबून पाहू’ हा पर्याय उरत नाही.

वकिलांकडून नको असलेली एकच गोष्ट म्हणजे तक्रारदाराला नोटीस. आमच्या कंपनीने तिसऱ्या दिवशी त्या ताईंना बदनामीची नोटीस पाठवली. त्यांनी ती चारही पाने फोटो काढून त्याच गटावर टाकली. तोपर्यंत लोक बुरशीबद्दल बोलत होते. नोटिशीनंतर ते कंपनीबद्दल बोलू लागले, आणि ज्यांनी मूळ व्हिडिओ पाहिला नव्हता त्यांनीही तो शोधून पाहिला.

कोणी बोलावे आणि कोणाला आधी सांगावे

बोलायला एकच माणूस असावा, आणि तो दोष दूर करण्याचा अधिकार असलेला असावा. तो मालक असलाच पाहिजे असे नाही. स्वतःच्या त्रासाबद्दल बोलायची सवय असलेला मालक असेल तर त्याला कॅमेऱ्यापासून लांबच ठेवावे. मेक्सिकोच्या आखातातील बीपीच्या तेलविहिरीवर २० एप्रिल २०१० रोजी स्फोट होऊन ११ कामगार मेले. मे महिन्याच्या अखेरीस, समुद्रात तेल वाहतच असताना, कंपनीचे मुख्याधिकारी टोनी हेवर्ड बोलून गेले की हे संपावे, मलाही माझे आयुष्य परत हवे आहे. पुढे जूनमध्ये ते शिडांच्या होड्यांची शर्यत पाहायला गेल्याचे फोटो छापून आले. आमच्या मालकांनीही एका पत्रकाराला ‘तीन रात्री मी झोपलेलो नाही’ असे सांगितले होते. ते खरे होते, पण छापून आल्यावर त्याचा कोणालाही उपयोग झाला नाही.

निवेदन बाहेर पडण्याआधी ते तीन ठिकाणी पोचले पाहिजे: कामगारांकडे, माल नेणाऱ्या ड्रायव्हरांकडे आणि दुकानदारांकडे. आपले कामगार दिघा, कळवा, घणसोली, तुर्भे इथे राहतात आणि ज्यांनी तो व्हिडिओ पाहिला आहे त्यांच्याच शेजारी राहतात. चाळीत, नळावर, लोकलच्या डब्यात त्यांना पहिला प्रश्न विचारला जातो: ‘काय रे, तुमच्या कंपनीत काय झालं?’ त्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नसले तर ते अंदाजाने काहीतरी सांगतात, आणि कामगाराने केलेला अंदाज ही बाहेरच्यांना आतली बातमी वाटते. गेटवर पाळी सुटताना पाच मिनिटे उभे राहून तेच सात वाक्यांचे निवेदन वाचून दाखवले असते तरी पुरले असते. दुकानदाराला तर फोनच करावा. वाशीच्या त्या दुकानदाराने जे लिहिले ते रागाने लिहिले होते, आणि राग बुरशीचा नव्हता. आमच्या ‘बनावट’ या शब्दाचा अर्थ तो बनावट माल ठेवतो असा होत होता, हे लिहिताना आमच्या लक्षातच आले नव्हते.

तक्रार करणाऱ्याच्या दारात

तक्रारदाराला भेटायला जायचे असेल तर आधी फोन करून विचारावे, आणि ‘नको’ म्हटल्यास जाऊ नये. व्हिडिओ काढून टाकण्याची विनंती त्या भेटीत तर करूच नये, नंतरही करू नये. पाकीट तपासणीसाठी हवे असेल तर पोच देऊन न्यावे, आणि अर्धा नमुना त्यांच्याकडेच राहू द्यावा. भेटवस्तू नेऊ नये. हे शेवटचे वाक्य लिहिताना आजही लाज वाटते, कारण आमच्या कंपनीने धुळवडीच्या दिवशी त्या ताईंकडे ‘सदिच्छा भेट’ म्हणून चकचकीत कागदात बांधलेला एक खोका पाठवला होता आणि त्या खोक्यात आमच्याच बारा पुरणपोळ्या होत्या. विक्री विभागाला दुसरे काही सुचले नाही. वॉचमनने तो खोका त्याच टेम्पोतून परत पाठवला.

आठवड्याने मी एकटी, विचारून, त्यांच्याकडे गेले. त्यांनी मला चहा दिला आणि शांतपणे सांगितले की व्हिडिओ टाकण्याआधी त्यांनी पाकिटावरच्या क्रमांकावर दोनदा फोन केला होता. एकदा कोणी उचलला नाही. दुसऱ्यांदा ‘पाकीट उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवावे’ असे सांगण्यात आले. तक्रारींच्या वहीतल्या दोन जणांपैकी एक त्याच होत्या.

आपले बरोबर असले तरी

कधी कधी कंपनीचे म्हणणे खरेच बरोबर असते, आणि तेव्हा चुका अधिक होतात. मे २०१५ मध्ये मॅगीत शिसे मर्यादेपेक्षा जास्त असल्याचा उत्तर प्रदेशातील तपासणीचा अहवाल गाजू लागला; १७.२ पीपीएम (दहा लाख भागांत १७.२ भाग) हा आकडा सगळ्यांच्या तोंडी झाला, मर्यादा २.५ होती. आमच्या चाचण्यांत काही आढळलेले नाही, माल सुरक्षित आहे, हे एकच उत्तर नेस्ले देत राहिली आणि ५ जूनला बंदी आली. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑगस्टला ती बंदी रद्द केली, तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणी झाली, शिसे मर्यादेच्या आत निघाले आणि नोव्हेंबरात मॅगी परत आली. कंपनी जिंकली; मधले पाच महिने दुकानातली ती फळी रिकामी होती आणि हजारो टन माल जाळून नष्ट करावा लागला. ‘आमच्या चाचणीनुसार’ या शब्दांवर, आरोप झालेल्या कंपनीच्या तोंडून, कोणी विश्वास ठेवत नाही. माल तिसऱ्याच कोणाकडे, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, पहिल्याच दिवशी तपासणीला द्यावा आणि तसा दिल्याचे जाहीर करावे. त्याआधी २००३ च्या ऑगस्टमध्ये शीतपेयांत कीटकनाशके असल्याचा अहवाल आल्यावर कोक आणि पेप्सी या हाडवैरी कंपन्या एकत्र पत्रकार परिषदेला बसल्या आणि त्यांनी अहवालच खोडून काढला. शरद पवारांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त संसदीय समितीने पुढे त्या अहवालाचे निष्कर्ष ग्राह्य धरले.

आमचे दुसरे निवेदन पाचव्या दिवशी निघाले. त्यात लाइन दोन, सीलमधील दोष, बॅच नंबर, परत आलेल्या पाकिटांची संख्या, बदललेला जबडा आणि नोटीस मागे घेतल्याचे असे सगळे होते, शिवाय त्या ताईंची आणि वाशीच्या दुकानदाराची माफी होती. ते मी पॅकिंग हॉलमध्ये, भरलेल्या क्रेटवर कागद ठेवून लिहिले आणि मालकांकडे पाठवण्याआधी काकांना वाचून दाखवले. त्यांनी सगळे ऐकले आणि एकच दुरुस्ती सांगितली. ‘सीलिंग मशीनमध्ये किरकोळ बिघाड झाला होता,’ असे मी लिहिले होते.

‘किरकोळ काढा मॅडम,’ ते म्हणाले. ‘किरकोळ असता तर मी बुकात लिहिला नसता.’